कमी हवेचं घर

वर्ध्यातल्या एका मोठ्या दवाखान्याच्या मागे, कपडे धुण्याच्या शेडपलीकडे एक बैठी इमारत आहे. तिच्यातल्या शेवटच्या खोलीत पौर्णिमा काम करायची. खोली बारा महिने उबदार असे. थंडीच्या दिवसांत बाहेर तोंडातून वाफ निघत असली, तरी आत शिरलं की स्वेटर काढावा लागे आणि थोडा वेळ बसलं की डोळ्यांवर गुंगी येई. इन्क्युबेटरची अखंड घरघर, खिडकीच्या काचेवर साचलेलं धुकं, काचेपलीकडे पुसट दिसणारा कडुनिंब. पौर्णिमाला कधीकधी वाटे, आपण इथं कामाला येतच नाही. रोज सकाळी उठतो आणि पुन्हा झोपेत शिरतो.

तिचं काम सांगायला सोपं होतं. गर्भ राहिल्यावर पहिल्या काही आठवड्यांत त्याला पोसणारी जी कोवळी वार पोटात धरते, तिचे कण बशीत जगवायचे आणि ते किती हार्मोन सोडतात ते पाहायचं. मेडिकलमधून आणलेल्या पट्टीवर ज्याच्यामुळे दोन रेघा उमटतात, तेच हे हार्मोन. कुणीतरी आलं आहे, आता त्याला राहू दे, असा निरोप ते आईच्या देहाला देत असतं. काही बायकांच्या पोटात हा निरोप मध्येच बंद का पडतो, हे पौर्णिमाच्या वरिष्ठांना, नरहर सरांना, शोधायचं होतं. ज्यांचा गर्भ टिकला नाही किंवा टिकणं शक्यच नव्हतं, अशा बायकांची परवानगी घेऊन, ऑपरेशनमधून निघालेला चिमूटभर भाग पौर्णिमाकडे येई.

तो भाग ती कोमट पोषक द्रवात सोडायची. हातात असताना तो रक्ताळलेल्या कापसासारखा दिसे. द्रवात पडला की हळूच उमलायचा. पांढऱ्या बारीक फांद्या, फांद्यांना फांद्या, टोकांना कळ्या. पाण्यातल्या शेवाळासारखं ते सगळं संथ हलत राही आणि पौर्णिमा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून पाहत बसे. पण हे सुख फार टिकत नसे. दुसऱ्या दिवशी कळ्यांच्या कडा विसविशीत होत, तिसऱ्या दिवशी गळून पडू लागत. द्रवात पट्टी बुडवली तर दुसरी रेघ फिकट, मग आणखी फिकट, मग नाहीच.

तिनं सगळे उपाय करून पाहिले. द्रव बदलला, बशा बदलल्या, हातांची स्वच्छता दुप्पट केली. नरहर सर म्हणायचे, कुठंतरी आपल्याच हातून काही राहत असणार. हवेचा संशय मात्र कुणालाच आला नाही. हवा कुणाला वाईट असते? उलट पेशी मलूल दिसल्या की पौर्णिमा बशीतला द्रव कमी करून त्यांना जास्त हवा लागू द्यायची आणि सारखं दार उघडून त्यांची विचारपूस करायची.

दिवाळीच्या सुट्टीआधी उरलेले काही कण तिनं एका उभ्या नळीत टाकले, वर काठोकाठ द्रव ओतला, झाकण घट्ट लावलं आणि नळी मागच्या कोपऱ्यात ठेवून ती विसरून गेली. सुट्टीवरून परतली तेव्हा बशांमधलं सगळं नेहमीप्रमाणे मरून गेलं होतं. नळी फेकायला म्हणून उचलली, तेव्हा हातात पट्टी होती म्हणून तिच्यात बुडवली, एवढंच. पट्टीवर दोन ठसठशीत गुलाबी रेघा आल्या. तिला वाटलं, पट्टी खराब आहे. दुसरी घेतली. त्याच दोन रेघा. द्रव उपसून तळाशी पाहिलं, तर पांढऱ्या फांद्या शाबूत होत्या.

ती बराच वेळ ती नळी हातात धरून बसली. बशीत होतं आणि नळीच्या तळाशी नव्हतं, असं काय होतं?

शोधायला बसल्यावर तिला कळलं, की ही गोष्ट आधीच कुणाकुणाच्या लक्षात आलेली होती, लिहूनही ठेवलेली होती. ती तिच्या खोलीपर्यंत पोचली नव्हती, इतकंच. आपण श्वासात घेतो त्या हवेत शेकडा एकवीस भाग ऑक्सिजन असतो. देहाच्या आत खोलवर तेवढा कुठंच नसतो. आणि पहिले दोन-अडीच महिने गर्भाभोवती तर जेमतेम दोन-तीन भाग. वारेच्या पेशी आईच्या रक्ताच्या वाटा सुरुवातीला स्वतःच बुजवून ठेवतात. जणू घराचं दार लावून घेतात. तिसऱ्या महिन्याच्या सुमारास त्या वाटा हळूहळू मोकळ्या होतात, तेव्हा कुठं हवा आत येते. तोवर जास्तीची हवा त्या कोवळ्या पेशींना सोसत नाही. चिरलेलं वांगं उघड्यावर काळं पडतं, तशा त्या विटून जातात.

नरहर सरांना तिनं हे सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत, पण पटलंही नाही. अख्खं जग याच हवेत पेशी वाढवतं, ते म्हणाले, तुझी नळी हा एक योगायोग असेल. तरी पण त्यांनी शेजारच्या जंतूंच्या विभागातून एक जुना पारदर्शक डबा मागवून दिला. हवेत मरणारे जंतू वाढवायला तो वापरत. हवाबंद झाकण, दोन बाजूंना दोन तोट्या. एका तोटीतून नायट्रोजन आत सोडायचा, दुसरीतून नेहमीची हवा बाहेर काढायची. आतला ऑक्सिजन दाखवणारा छोटा मीटर पौर्णिमानं बसवला आणि पहिल्यांदा गॅस सोडला. आकडा एकवीसवरून पंधरावर, पंधरावरून दहावर उतरत गेला. विहिरीत बादली सोडावी आणि दोर हातातून सरकत राहावा, तसं तिला वाटलं. तीनवर तिनं तोट्या बंद केल्या.

त्याच आठवड्यात अस्मिता आली.

अस्मिता केळझरची, तिथल्याच शाळेत शिक्षिका. लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर दिवस राहिले होते, पण सोनोग्राफीत गर्भ पिशवीत नव्हता, तिच्या बाजूच्या बीजनळीत अडकलेला होता. तो तिथं वाढू देणं म्हणजे आईचा जीव धोक्यात घालणं. वेळेत कळलं होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरलं. नवरा निशांत औषधं आणायला गेला होता आणि कॉटजवळ तिची सासू प्रमिलाबाई पदर तोंडाशी धरून बसली होती. पौर्णिमा परवानगी मागायला गेली. ही मागणी करायची तिला दरवेळी लाज वाटायची. बाईच्या हातातून सगळं जात असताना आपण ओंजळ पुढं करायची.

अस्मितानं सगळं ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, रडली नाही. वर्गात मुलाला उत्तर विचारावं तसं तिनं विचारलं, "किती दिवस राहतात ते?"

"दोन-तीन दिवस. मग थांबतात."

"थांबले की मला सांगाल?"

आजवर कुणी असं मागितलं नव्हतं. असं कळवायचं नसतं, हे पौर्णिमाला ठाऊक होतं. तरीही ती हो म्हणून गेली.

दुसऱ्या दिवशी बीजनळीतून निघालेला तो भाग तिच्याकडे आला. तिनं त्याचे दोन वाटे केले. एक नेहमीसारखा उघड्या बशीत, इन्क्युबेटरच्या वरच्या फळीवर. दुसरा डब्यात. गॅस सोडला, आकडा तीनवर आणला, डबा खालच्या फळीवर ठेवला आणि दार लावून घेतलं.

वरच्या फळीचं जे व्हायचं तेच झालं. तिसऱ्या दिवशी कळ्या गळाल्या, चौथ्या दिवशी पट्टीवर एकच रेघ आली. डब्यातल्या बशीचा द्रव बदलायला तिनं दोन्ही हात आत घालण्याइतकाच वेळ झाकण काढलं. नवा द्रवही आधी नायट्रोजन सोडून ठेवलेला होता. जुना द्रव तिनं तपासला. दोन रेघा. पुढच्या खेपेला पुन्हा दोन, आणि त्या आधीपेक्षा गडद. यंत्रावर नीट मोजल्यावरही तेच दिसलं, हार्मोन वाढत होतं. केळझरच्या शाळेत मुलं पाढे म्हणत असतील, अस्मिता पोटावरचे टाके सांभाळत घरी पडून असेल आणि इथं तिच्या देहाचा एक चिमूटभर तुकडा, सगळं संपलं आहे हे ठाऊक नसल्यासारखा, निरोप धाडत बसला होता. घ्यायला कुणी नव्हतं. पौर्णिमा तेवढी होती.

आठवडा उलटला. नरहर सर आता रोज सकाळी येऊन मीटरचा आकडा पाहून जात. पौर्णिमाच्या अंगात मात्र आनंद भिनत नव्हता. थांबलं की सांगते, असं ती बोलली होती. आणि ते थांबत नव्हतं.

तिचे वडील प्रेमदास बँकेतून निवृत्त झालेले. वर्ध्यालगतच्या सिंदी मेघेतल्या घराच्या गच्चीवर त्यांनी शेवंती लावली होती. संध्याकाळी कुंड्यांना पाणी घालताना पौर्णिमानं त्यांना सगळं सांगितलं. चालू आहे असं कळवलं तर त्या बाईच्या जखमेवरची खपली निघेल, न कळवलं तर आपण तिच्यापासून काहीतरी लपवतो आहोत, असं काहीसं ती बोलली. प्रेमदासांनी पाण्याचा पाइप दुसऱ्या कुंडीत ठेवला.

"थांबलं का सांगजो, असं तिनं म्हटलं ना? मंग ती वाट पाहून राह्यली असंन. वाट पाहणाऱ्याले काहीच न सांगणं, हे काही बरं नाई, पोरी."

त्यांच्या बोलण्याचा विचार करेपर्यंत अस्मिताचाच फोन आला. आवाज दुरून आल्यासारखा होता. थांबलं असेल ना आता, तिनं विचारलं. विसरला असाल म्हणून मीच केला. पौर्णिमानं जे होतं ते सांगितलं. उघड्या हवेत होतं ते थांबलं. डब्यात आहे ते चालू आहे. मग अस्मिता म्हणाली, मी पाहायला येते.

नरहर सरांनी आधी साफ नकार दिला. देणाऱ्याची आणि दिलेल्याची पुन्हा गाठ पडू द्यायची नसते, नियम आहे, आणि तो उगाच केलेला नाही. बाई कोलमडली तर जबाबदारी कुणाची? पौर्णिमा वाद घालत बसली नाही. दुसऱ्या दिवशी तेच तिच्या टेबलापाशी थांबले. रात्रभर विचार केल्यासारखा चेहरा होता. "तिचंच आहे ते," ते म्हणाले. "तिनं मागितल्यावर आपण नाही म्हणणारे कोण?"

अस्मिता आली त्या सकाळी दाट धुकं होतं. दवाखान्याचा मागचा रस्ता दिसतच नव्हता. धुक्यातून दोन बायका चालत आल्या, एक हळू, एक तिला कोपराशी धरून. प्रमिलाबाईला बाहेर थांबायचं नव्हतं. सूनबाईला एकटी सोडणार नाही, असं तिनं बजावलं. दोघींनी चपला काढल्या, पांढरे कोट घातले आणि त्या उबेत येऊन उभ्या राहिल्या. इन्क्युबेटर घरघरत होतं. पौर्णिमानं बाहेरचं दार उघडलं, आतलं काचेचं दार तसंच ठेवलं. काचेमागे डबा दिसत होता, डब्यात बशी, बशीत गुलाबी द्रव. बाकी नुसत्या डोळ्यांना काहीच नाही.

"दिसत नाही," अस्मिता म्हणाली.

सूक्ष्मदर्शकाखाली दिसेल, पौर्णिमानं सांगितलं. आणि मग जे सांगायचं ती टाळत होती ते सांगितलं. सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचं तर डबा उघडून बशी बाहेर काढावी लागेल. द्रव बदलताना लागते ती क्षणभर, पण पाहायला जितका वेळ लागेल तितका वेळ त्यांना आपली हवा लागेल. कदाचित सोसतील. पण बहुतेक नाही. त्यानंतर दोन-तीन दिवसांत थांबतील.

"म्हणजे मी पाहिलं तर जातील."

"बहुतेक."

"आणि नाही पाहिलं तर राहतील?"

"काही दिवस. कायमचं नाही, ताई. कायमचं कशानंच नाही."

अस्मिता स्टुलावर बसली. दाराशी उभे असलेले नरहर सर हलकेच बाहेर निघून गेले. काचेवरच्या धुक्यातून सकाळचं ऊन आत झिरपत होतं आणि सगळ्या खोलीला दुधासारखा रंग आला होता. अस्मितानं काचेच्या दाराला तळहात लावला. काच कोमट होती. तिनं हात तसाच ठेवला, डोळे मिटले. तापलेल्या लेकराच्या कपाळावर आई हात ठेवते तसा. पौर्णिमाला वाटलं, या खोलीत आता तिघी नाहीत, कुणीच नाही, नुसती ऊब आहे आणि तिच्यात एक मंद घरघर आहे, आणि हे असंच किती वेळ चाललं तरी कुणाचं काही अडणार नाही.

"नका उघडू," अस्मिता म्हणाली. "राहू दे त्याला."

मग तिनं विचारलं, न पाहता तुम्हाला कळतं कसं? पौर्णिमानं फ्रीजमधून कालचा काढून ठेवलेला द्रव आणला. एक पट्टी फाडली आणि बुडवून कागदावर आडवी ठेवली. अस्मितानं ती पट्टी ओळखली. पौर्णिमाला ते तिच्या खांद्यांवरून कळलं. द्रव पट्टीवर चढत गेला. पहिली रेघ आली. मग दुसरी, आधी सावलीसारखी, मग स्पष्ट.

प्रमिलाबाई पुढं वाकली. "हे काय होय?"

"आई, दोन रेघा म्हणजे..." अस्मिता थांबली. "म्हणजे दिवस गेलेत, असं."

म्हातारीनं पट्टीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं. मग भिंतीला टेकून ती खाली जमिनीवरच बसली. डब्याकडे बोट करून तिनं विचारलं, त्याले तिथं हवा भेटते का? पौर्णिमा म्हणाली, अगदी थोडी, मुद्दामच. तेवढीच लागते त्याला.

"काऊन? हवा नाई भेटली तं लेकरू जगते का?" तिचा आवाज फुटला. "म्या हिले म्हटलं होतं. शाळेतल्या खिचडीच्या चुलीपाशी धुरात बसून राह्यते तू, लेकराले हवा नाई भेटून राह्यली म्हणलं. तसंच झालं ना मंग."

अस्मितानं मान वर केली नाही. पौर्णिमाच्या लक्षात आलं, की ही बाई गेले कितीतरी दिवस या एका वाक्याखाली दबून जगते आहे. डॉक्टरांनी तिला कारण सांगितलं असेल, शिकलेली आहे, तिला ते कळलंही असेल, पण सासूचं वाक्य हाडात जाऊन बसलं होतं.

पौर्णिमा प्रमिलाबाईसमोर खाली बसली. तिनं सावकाश, एकेक गोष्ट सांगितली. पहिले दोन-अडीच महिने पोटात जास्त हवा पोचूच नये, अशीच रचना असते. वारच ती वाट बंद करून ठेवते. आम्ही इथं कितीतरी दिवस या पेशींना मोकळी हवा दिली आणि तिनंच त्या मेल्या. हवा कमी केली तेव्हा जगल्या. सूनबाईच्या लेकराला हवा कमी पडली नाही, आजी. ते वाटेत अडकलं. नळी अरुंद होती, पुढं सरकता आलं नाही, एवढंच झालं. धुरानं नाही, चालण्यानं नाही, तिनं काही केलं म्हणून नाही.

प्रमिलाबाईनं काचेकडे पाहिलं. मग तिनं विचारलं, "म्हंजे म्या बोलली ते खोटं होतं?"

"हो."

तिनं मान हलवली, स्वतःशीच. मग गुडघ्यावर हात टेकून उठली, सुनेजवळ गेली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "उगाच बोलली मी," ती म्हणाली. "लय उगाच बोलली."

अस्मिता तेव्हा रडली. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी आवरून धरलेलं, त्यानंतरच्या सगळ्या दिवसांतलं, सगळं. सासूच्या पोटाशी तोंड लपवून ती रडत होती आणि प्रमिलाबाई पुन्हा पुन्हा तिच्या केसांवरून हात फिरवत होती. पौर्णिमानं इन्क्युबेटरचं बाहेरचं दार लावून घेतलं. दोघी गेल्या तेव्हा धुकं विरलं होतं आणि कडुनिंबाचं पान न् पान दिसत होतं.

त्यानंतर अस्मितानं फोन केला नाही. पौर्णिमा डब्याचा द्रव बदलत राहिली. तुरीच्या शेंगा भरत आल्या, शेडवर सुकणाऱ्या चादरी दुपारपर्यंत ओल्याच राहायच्या तशी थंडी पडली. आणखी एका बाईचा भाग आला, मग आणखी एकीचा, त्यांचेही दोन-दोन वाटे झाले. वरच्या फळीवरचे थांबत, डब्यातले चालत. नरहर सरांनी आता योगायोग हा शब्द टाकून दिला होता आणि नव्या वाट्यांसाठी दुसरा डबाही आणवला होता. वर्षानुवर्षं आपण ज्यांना आजारी समजत होतो त्या पेशी आजारी नव्हत्याच, आपल्याच हवेनं गुदमरत होत्या, असं ते एकदा चहा पिताना म्हणाले आणि चहा तसाच ठेवून उठले.

मग एके सकाळी अस्मिताच्या बशीची दुसरी रेघ फिकट आली. पौर्णिमानं काहीच बदललं नव्हतं. आकडा तीनवरच होता, ऊब तेवढीच होती. पुढच्या खेपेला ती आणखी फिकट झाली. त्या पेशींचं वयच सरलं होतं. ज्या दिवशी एकच रेघ उरली, त्या दिवशी पौर्णिमानं त्या डब्याच्या तोट्या उघडल्या, आकडा हळूहळू वर चढू दिला आणि बशी बाहेर काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. फांद्या अजून फांद्यांसारख्याच होत्या, पांढऱ्या, निवांत. तिनं एक फोटो काढला.

फोनवर सांगायचं तिच्या जिवावर आलं. रविवारी केळझरला जायला प्रेमदासांनी स्कूटर काढली. दुतर्फा कापूस फुटलेला, उरल्यासुरल्या वेचणीला बायका ओळीनं लागलेल्या, थंडीचं ऊन अंगावर. मागे बसून पौर्णिमाला पेंग येत होती. गाव आलं तेव्हा दूर टेकडीवर गणपतीच्या देवळाचा झेंडा दिसत होता. प्रेमदास म्हणाले, मी देवळाकडे चक्कर मारून येतो, तू निवांत बोल.

अस्मिता अंगणात खाटेवर बसली होती, पुढ्यात मुलांच्या वह्यांचा गठ्ठा. पौर्णिमाला पाहताच तिनं लाल पेन मिटून ठेवलं.

"थांबलं."

"हो. परवा."

"आपोआप?"

"आपोआप. कुणी काही केलं नाही."

अस्मितानं मान डोलावली. दुखलं असेल का, असं विचारून तिनं लगेच स्वतःच उत्तर दिलं, की दुखायला तिथं कुणी नव्हतं, ते तिला ठाऊक आहे. पौर्णिमा म्हणाली, फोटो आणलाय, हवा असेल तर. अस्मितानं मोबाइल हातात घेतला, उन्हाकडे पाठ केली आणि पदराची सावली करून पाहू लागली. प्रमिलाबाईही येऊन तिच्या खांद्यावरून पाहत राहिली.

"हे असं असतं?"

"असंच असतं. सगळ्यांचं असंच."

"किती छान आहे," अस्मिता म्हणाली. तिनं बोटांनी फोटो मोठा केला, एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेली. पाठवू का, असं पौर्णिमानं विचारल्यावर ती नको म्हणाली. मी पाहिलं आता. तुमच्याकडेच राहू दे, तुमच्या कामाला येईल. तिनं हेही विचारलं, की याचा कुणाला उपयोग होणार आहे का. पौर्णिमानं खरं तेच सांगितलं. लगेच नाही, कदाचित बरीच वर्षं नाही. पण पोटातलं ते घर आतून कसं असतं, हे आता आम्हाला आधीपेक्षा थोडं जास्त कळलं आहे.

प्रमिलाबाईनं सुपात तुरीच्या ओल्या शेंगा आणल्या. जेवल्याशिवाय जायचं नाही, असं तिनं आधीच सांगून टाकलं होतं. तिघी शेंगा सोलत बसल्या. ऊन अंगणभर पसरलं होतं, कुठूनतरी भाकरीचा वास येत होता, कोंबडी मातीत पंख पसरून पडली होती. थोड्या वेळानं पौर्णिमानं पाहिलं, तर अस्मिताचे हात थांबले होते. ती बसल्या जागी कलंडली आणि खाटेवर कुशीला होऊन झोपून गेली. अर्धी सोललेली शेंग मुठीत तशीच.

"पयल्यांदा झोपली दिवसाची," प्रमिलाबाई हळू आवाजात म्हणाली. "रातची बी कुठं झोपत होती."

तिनं आतून चादर आणून सुनेच्या पायांवर घातली. मग पौर्णिमा आणि ती, दोघीच शेंगा सोलत राहिल्या. दाणे सुपात पडताना हलका आवाज होई, तोही त्या हात खाली नेऊन होऊ देत नव्हत्या. गल्लीच्या तोंडाशी प्रेमदासांची स्कूटर आली. ते हॉर्न वाजवणार, तेवढ्यात प्रमिलाबाईनं अंगणातूनच हात वर करून त्यांना थांबवलं. त्यांनी गाडी बंद केली आणि ती हातानं ढकलत, पावलांचा आवाज न करता, फाटकापर्यंत आणली.